नखाला लागलेली पायरी

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. रॉकेलने धुऊन, कार्बन खरवडून काढलेली रोटरी इंजिनची बिडाची प्लेट बाकावर आडवी होती आणि दिव्याखाली चांगली लख्ख दिसत होती. अंगठ्याचं नख बाहेरच्या कडेकडून आत ओढत आणलं तसं ते एका जागी खाली उतरलं. परत बाहेर नेलं तर अडलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. डायल, म्हणजे उंचीतला सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारं मोजमापाचं साधन, लावला तेव्हा आकडा मिळाला: ०.१२ मिलीमीटर. साध्या कागदाची जाडी साधारण ०.१० असते, म्हणजे कागदापेक्षा थोडीशी उंच अशी ही पायरी. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये झिजेची मर्यादा ०.१० दिली आहे. दोन शतांश जास्त भरले, पण तेवढ्याने ही प्लेट आहे तशी परत बसवायचा प्रश्नच मिटला.

रोटरी इंजिन म्हटलं की लोक बोलतात ते त्रिकोणी रोटरबद्दल आणि त्याच्या टोकांवरच्या एपेक्स सीलबद्दल. त्याला कारणही आहे. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतलं पहिलं इंजिन एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ साली फिरलं, त्यानंतर माझदाने परवाना घेतला आणि केनइची यामामोटो यांच्या चमूने पुढची काही वर्षं आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांशी झुंज दिली. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६७ मध्ये माझदाची कॉस्मो स्पोर्ट ही गाडी रस्त्यावर आली ती ही झुंज जिंकूनच. गोष्ट रोमहर्षक आहे आणि मी ती अनेकदा सांगितली आहे. पण रोटरच्या दोन्ही अंगांना ज्या सपाट प्लेट असतात, साइड हाउसिंग म्हणतात ज्यांना, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. दोन रोटरच्या इंजिनात अशा तीन प्लेट: पुढची, मधली, मागची. मधलीची दोन्ही तोंडं कामाची, म्हणून घासणारे पृष्ठभाग चार. रोटरच्या प्रत्येक अंगावर तीन साइड सील, तीन कॉर्नर सील आणि तेल अडवणाऱ्या दोन रिंगा, आणि हे सगळं इंजिन चालू असेतोवर या बिडावर घासत राहतं. सिलेंडरमध्ये पिस्टनची रिंग वर जाते आणि खाली येते, इतकंच. इथे रोटर स्वतःभोवती फिरता फिरता मध्यबिंदूही फिरवतो, त्यामुळे सील एकाच ठिकाणावरून कधी तिरकं जातं, कधी आडवं.

पायरी तयार कशी होते हे नीट समजलं की पुढचा सगळा गुंता समजतो. प्लेटचा बाहेरचा पट्टा रोटर हाउसिंगखाली, म्हणजे रोटर ज्याच्या आत फिरतो त्या कड्याखाली, बोल्टांनी दाबून बसवलेला असतो. तिथे काही घासत नाही, त्यामुळे तो भाग जसाच्या तसा राहतो. आतला भाग मात्र सील वर्षानुवर्षं खात जातात. म्हणजे झीज एखाद्या उथळ तळ्यासारखी असते: काठ शाबूत, तळ खाली गेलेला. तळ्यात भर घालून पातळी वर आणता येत नाही. करता येतं ते एवढंच की काठ उतरवून तळाशी आणायचा. म्हणजे प्लेट दुरुस्त करायची तर तिचा न झिजलेला, चांगला भागच आधी काढून टाकावा लागतो. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा हातातला कागद खाली ठेवून मी बराच वेळ त्या प्लेटकडे बघत बसलो होतो.

काठ उतरवायचे रस्ते दोन. ग्राइंडिंग, म्हणजे फिरत्या चाकाने कापणं, आणि लॅपिंग, म्हणजे मोकळ्या पुडीवर घासणं.

पुढची प्लेट मी ग्राइंडिंगला दिली. ०.१२ ची पायरी लॅपिंगने काढत बसायचं म्हणजे दिवस मोडायचे, असा माझा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता. प्लेट दोन दिवसांत परत आली, आरशासारखी. पूर्ण तोंडभर चाकाच्या बारीक कमानदार रेघा, एकसारख्या, देखण्या. पायरीचा मागमूस नाही. चालवणाऱ्याने ०.१५ काढलं होतं आणि मशीनवर डायल फिरवून दाखवला, काटा हललाही नाही. मी खूश होऊन ती घेऊन आलो.

घरी ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या अचूक लादीवर, ती उपडी ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. ती डुलली. अगदी किंचित, पण टक् असा आवाज आला. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं, पुन्हा टक्.

ज्यांच्याकडे मी पुढे लॅपिंग शिकलो त्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डायल कुठे लावला होता?"

"मशीनवरच. चकवर."

"चकवर असताना काय मोजतोस? काढ, तीन टेकूंवर ठेव, मग मोज."

तसं मोजलं. तीन बारके जॅक, त्यांच्या डोक्यावरचे तीन बिंदू एका पातळीत आणले, मग डायल सगळ्या तोंडावरून फिरवला. मध्यभाग ०.०३ उंच. शिवाय पाण्याच्या पोकळीच्या वरच्या बाजूने एक पट्टा थोडा खाली बसलेला. सरफेस प्लेटवर निळा रंग लावून, टेकेल तिथे तो लागावा म्हणून, प्लेट तिच्यावर फिरवली तेव्हा तो पट्टा कोराच राहिला.

मशीनवाल्याचा दोष नव्हता. त्याने जे करायचं ते नीट केलं होतं. मॅग्नेटिक चक, म्हणजे मशीनचा चुंबकी पाट, जॉबला, म्हणजे कामाला लावलेल्या भागाला, खाली ओढतो. जॉब मुळात वाकलेला असेल तर ओढल्यावर तो सरळ होतो, चाक त्या सरळ झालेल्या अवस्थेतच त्याला सपाट करतं, आणि चुंबक बंद केला की जॉब आपल्या मूळच्या वाकावर जातो. त्या वाकात आता सपाटीचा कट भरलेला असतो. ही एक गोष्ट. दुसरी पोकळीची. साइड हाउसिंग म्हणजे भरीव लादी नव्हे, तिच्या पोटात पाणी खेळतं. पोकळीवरची भिंत पातळ, तिला मागून आधार कमी आणि उष्णता वाहून न्यायला मागे धातूही कमी. चाकाखाली ती आजूबाजूपेक्षा जास्त तापते, फुगून वर येते, वर आली म्हणून जास्त कापली जाते, आणि थंड झाली की खाली बसते. कूलंट कितीही सोडा, कट मोठा असेल तर हे थोडंफार होतंच. चाकाची धार बोथट असली तर फारच होतं. अधूनमधून हिऱ्याने चाकाचं ड्रेसिंग करावं लागतं ते याचसाठी. बोथट दाणा कापत नाही, घासतो, आणि घासणं म्हणजे उष्णता.

लॅपिंग यातलं काहीच करत नाही. जॉबला कुणी धरत नाही. बिडाची मोठी गोल थाळी सावकाश फिरते, तिच्यावर तेलात कालवलेली पूड ओघळत असते, आणि त्यावर आपली प्लेट उपडी ठेवलेली असते. स्वतःच्या वजनाने, फार तर वर थोडं वजन ठेवून. पूड सिलिकॉन कार्बाइडची किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची. ४०० नंबरचा दाणा साधारण १७ मायक्रॉनचा, ६०० चा ९ च्या आसपास. ग्राइंडिंगच्या चाकात दाणे घट्ट बसवलेले असतात आणि प्रत्येक दाणा नांगरासारखी एक रेघ ओढत जातो. इथे दाणे मोकळे असतात. ते थाळी आणि जॉब यांच्यामध्ये लोळतात, आणि लोळता लोळता जिथे उंचवटा सापडेल तिथला कणभर बीड टिपून घेतात. रेघ नाही, म्हणून दिशाही नाही. तयार झालेलं तोंड चकाकत नाही. दगडी पाटीसारखं करडं, मंद दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काम अर्धवट राहिलंय.

काकांच्या थाळीवर तीन कंडिशनिंग रिंगा होत्या. जॉब त्या रिंगांच्या आत फिरतो आणि रिंगा स्वतः थाळीला सपाट ठेवतात, कारण थाळीही बिडाची, तीही झिजतेच. रिंग थोडी बाहेर सरकवली की थाळीचा बाहेरचा भाग जास्त खाल्ला जातो आणि मध्य उंच राहतो. आत सरकवली की उलट. काका रोज सकाळी थाळीवर स्ट्रेटएज, म्हणजे अचूक सरळ कडेची पट्टी, आडवा धरून त्याच्याखालून येणारा उजेड बघायचे आणि एक रिंग नखभर इकडे किंवा तिकडे करायचे. मी विचारलं, किती सरकवता? तर त्यांनी सरकवून दाखवलं, आकडा सांगितला नाही.

आवाज मात्र त्यांनी शिकवला. ताजी पूड ओतली की बारीक सळसळ येते. दाणे मोडत जातात तसा आवाज मऊ होत जातो आणि शेवटी जवळजवळ बंद होतो. त्या टप्प्याला थाळी फिरत असते, पण काम थांबलेलं असतं. नवशिका माणूस तिथे वजन वाढवतो. वजन वाढवलं की तेलाचा थर पिळून निघतो, धातू धातूला लागतो आणि ओरखडा पडतो. करायचं असतं ते थाळी पुसून नवीन पूड घालणं. मी पहिल्या दिवशी वजनच वाढवलं होतं. त्या ओरखड्याने आणखी दीड तास खाल्ला.

पुढच्या प्लेटचा तो ०.०३ चा फुगवटा उतरायला जवळजवळ अख्खा दिवस गेला. दर अर्ध्या तासाने प्लेट उचलायची, पुसायची, आणि करडा रंग कुठपर्यंत पोहोचला ते बघायचं. सुरुवातीला मध्यभागी हाताच्या पंजाएवढा करडा डाग आणि भोवती ग्राइंडिंगच्या चकाकत्या कमानी. मग डाग पसरत गेला. पाण्याच्या पोकळीवरचा तो खाली बसलेला पट्टा शेवटपर्यंत चमकत राहिला, चंद्रकोरीसारखा. संध्याकाळी तीही बारीक होत होत नाहीशी झाली. तीन टेकूंवर मोजलं तेव्हा डायलचा काटा अर्ध्या शतांशाच्या आत होता.

मागच्या प्लेटची कथा वेगळी. तिच्यावर पायरी किरकोळ होती, पण इंजिन पूर्वी कधीतरी तापलं होतं आणि प्लेट ०.०५ वाकली होती. मर्यादा ०.०४. ही मी ग्राइंडिंगला दिलीच नाही. वाकलेला जॉब चुंबकाने ओढून सरळ करायचा आणि मग सपाट करायचा, यात काय होतं ते मी नुकतंच बघितलं होतं. ती थेट थाळीवर गेली.

पण म्हणून ग्राइंडिंग वाईट आणि लॅपिंग चांगलं, असं मी म्हणणार नाही. पुढची प्लेट पुन्हा करायची वेळ आली तरी पायरीचा मोठा भाग मी ग्राइंडिंगनेच काढीन. फक्त चालवणाऱ्याला सांगेन की जॉबखाली जिथे फट आहे तिथे पातळ पत्र्याचे शिम दे, म्हणजे चुंबक त्याला वाकवून खाली ओढणार नाही. शेवटचे कट अगदी हलके घे, आणि दोन-तीन शतांश लॅपिंगसाठी ठेव. एवढं केलं तर दोन्ही कामं एकमेकांना धरून होतात. आणि सरसकट लॅपिंगच करायचं म्हटलं तरी त्याचेही धोके आहेत. इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोला सपाट पृष्ठभागांवर जो निबंध वाचला, त्यात त्यांनी दोन प्लेट पूड घालून एकमेकींवर घासण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली होती आणि स्क्रेपरने खरवडण्याचा आग्रह धरला होता. त्या काळी त्याला ग्राइंडिंग म्हणत, पण ते आजच्या लॅपिंगच्याच जवळचं. पूड कुठे किती खाते यावर माणसाचा ताबा राहत नाही, हा त्यांचा मुद्दा. हाताने लॅपिंग करून बघितलं की तो किती खरा आहे ते कळतं. हात नकळत पुढे जाताना पुढच्या कडेवर भार टाकतो, पूड कडांशी जास्त जमते आणि कडा गोल होतात. नेमक्या त्याच कडांवर पाण्याचं सील बसायचं असतं.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. सँडरला बारीक कागद लावून प्लेटवर गोल गोल फिरवायचं आणि त्याला लॅपिंग म्हणायचं. करडा रंग येतो, रेघा दिसत नाहीत, फोटोत तोंड अगदी लॅप केल्यासारखं दिसतं. पण मऊ पॅडमागचा कागद उंचवट्यावरून चढतो आणि खळग्यात उतरतो. पायरी असते ती राहते, फक्त तिची कड गोल होते, आणि नखालाही ती मग सापडत नाही. असं इंजिन घेणाऱ्याला पुढे जे भोगावं लागतं ते मी जवळून पाहिलं आहे.

आता खरा अवघड प्रश्न. नंतरच्या काळातल्या साइड हाउसिंगना नायट्रायडिंग केलेलं असतं. अमोनियाच्या वातावरणात साधारण ५०० ते ५५० अंशांना भाग ठेवायचा, नायट्रोजन बिडात मुरतो आणि वर एक कठीण कवच तयार होतं. कवच म्हणजे मिलीमीटरचे काही शतांश, त्याच्याखाली कठीणपणा उतरत जातो. माझ्या पुढच्या प्लेटवरून एकूण ०.१८ गेलं होतं. कवच गेलं. ग्राइंडिंगने काढलं काय आणि लॅपिंगने काढलं काय, बिडाला त्याने फरक पडत नाही. उघड्या बिडावर इंजिन चालतं का? चालतं. पण तेलाच्या रिंगांची कड बारीक आणि कठीण असते, मऊ बिडात ती लवकर वाट करते, आणि पुढची पायरी आधीच्यापेक्षा लवकर येते. मी दोन्ही प्लेट पुन्हा नायट्रायडिंगला दिल्या. भट्टीतून आल्यावर पुढची एक शतांशाने हलली होती. अपेक्षित होतंच. एवढ्या तापमानाला ओतीव भागातले जुने ताण सुटतात. मग पुन्हा थाळी, ६०० नंबर, आणि या वेळी हात आखडून, कारण आता प्रत्येक मायक्रॉन त्या नव्या कवचातून जाणार होता.

माझ्या इंजिनात पाण्याच्या सीलची खाच प्लेटमध्येच आहे. तोंड ०.१८ खाली गेलं म्हणजे खाचही तेवढी उथळ झाली. सील जास्त दाबलं जाऊन वर उसळलं असतं आणि प्लेट हाउसिंगवर टेकलीच नसती. डेप्थ मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजून खाच पुन्हा मिलिंगने खोल करून घेतली. सपाटपणाच्या नादात हे विसरायला होतं.

मग धुणं. याविषयी मी जरा जास्त सांगणार आहे, कारण याआधीचं एक इंजिन मी इथेच घालवलं. बीड अखंड धातू नसतो, त्यात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांची जाळी असते आणि त्या फटींत पूड जाऊन बसते. बोल्टांची भोकं, तेलाच्या वाटा, डॉवेलच्या जागा, सगळीकडे ती शिरते. त्या वेळी मी रॉकेलने धुऊन, हवा मारून जोडणी केली होती. थोड्याच दिवसांत तेलाचा दाब उतरायला लागला. उघडलं तर रोटर बेअरिंगच्या मऊ धातूत पूड रुतून बसली होती आणि एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे रोटर ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर रेकॉर्डवर असतात तशा बारीक रेघा. म्हणजे मी बेअरिंगचीच लॅपिंगची थाळी करून टाकली होती, आणि ती शाफ्टला उगाळत होती. शाफ्ट गेला, बेअरिंगं गेली.

आता मी गरम पाणी आणि साबण वापरतो. कडक ब्रश, प्रत्येक भोकात वेगळा बारीक ब्रश. नंतर पांढऱ्या फडक्याने पुसायचं आणि फडकं खिडकीशी नेऊन बघायचं. पहिल्यांदा ते राखेसारखं येतं. पुन्हा धुवायचं. या वेळी पुढच्या प्लेटचं फडकं सातव्या धुण्याला स्वच्छ आलं. आणि मग क्षणभरही थांबायचं नाही. नुकतं लॅप केलेलं बीड पाण्याखालून काढलं की बघता बघता त्यावर तांबूस झाक येते. एका हाताने हवा, दुसऱ्या हाताने तेल.

राहिली मधली प्लेट. तिच्यावर एका तोंडाला ०.०६ आणि दुसऱ्याला ०.०५ पायरी होती, वाक ०.०२. सगळं मर्यादेत. काका म्हणाले होते, थाळी चालू आहे तर देऊन टाक तीही, तिन्ही सारख्या होतील. दोन दिवस ती माझ्या बाकावर होती. मी रोज नख फिरवून बघायचो. न झिजलेल्या काठावरचं आणि झिजेच्या तळातही जे काही उरलेलं कारखान्यातलं कवच होतं ते सारखेपणासाठी घालवायचं, मग पुन्हा भट्टी, पुन्हा थाळी, पुन्हा खाच, तीही दोन तोंडांना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती साबणाच्या पाण्यात घातली, धुतली, तेल लावलं आणि कापडात गुंडाळून जोडणीच्या क्रमाने दुसऱ्या जागी ठेवली. तिच्यावर अजून नख अडतं.